जुना संगणक, साधी अक्षरे आणि आजचे टपाल
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आमगाव येथील व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय ऐकून अनेकांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. ज्या संगणकावर चित्र दिसत नाही, ज्याला माऊस नाही, ज्याच्या काळ्या पडद्यावर केवळ अक्षरांच्या ओळी उमटतात, अशा जुन्या संगणकावर ई-मेल कसा लिहीत आणि वाचत असत, आणि आजही तो तसा कसा वाचता येतो, हा तो विषय आहे. सुवर्ण महोत्सवाच्या मंगल प्रसंगी अशा विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर संस्थेच्या कपाटातच सापडेल. पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही न्यासाच्या कपाटात पोस्टकार्डे, आंतर्देशीय पत्रे, देणगीदारांची संमतिपत्रे, बांधकामाच्या परवानग्या आणि सभांच्या सूचना यांच्या फायली असतात. कागद पिवळा पडलेला असतो, शाई फिकी झालेली असते. तथापि पत्र वाचता येते. मात्र साधारण १९९८ नंतर हळूहळू त्या फायली पातळ होऊ लागतात. पत्रव्यवहार थांबलेला नसतो. तो ई-मेलवर गेलेला असतो. ती पत्रे आज कोठे आहेत? ती वाचता येतात काय? या प्रश्नाचा विचार करावयाचा तर ई-मेलचे मूळ रूप समजून घेणे उपयुक्त ठरते, आणि ते मूळ रूप जुन्या संगणकावरच सर्वांत स्वच्छ दिसते.

तारेपासून ई-मेलपर्यंत

आमगाव हे हावडा–मुंबई लोहमार्गावरील स्थानक. लोहमार्ग आणि तारायंत्र ही भारतात बरोबरीने वाढलेली भावंडे होत. धान्याच्या आणि कापडाच्या व्यापारात तारेला मोठे स्थान होते. तारेचे पैसे शब्दांच्या संख्येवर आकारले जात. म्हणून व्यापारी मोजके लिहीत. मोठ्या पेढ्या आपला संक्षिप्त तारेचा पत्ता नोंदवून ठेवीत, म्हणजे लांबलचक नाव-गाव लिहिण्याचा खर्च वाचे. भारतातील ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. थोडक्यात लिहिणे, संक्षिप्त पत्ता आणि केवळ अक्षरांचा संदेश ही तारेची तीन लक्षणे ई-मेलच्या जन्मकाळातही दिसतात.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत गेलेले पहिले ई-मेल १९७१ मधले. अमेरिकेतील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत रे टॉमलिन्सन हे अभियंते काम करीत होते. तेथे पीडीपी-१० जातीचे दोन संगणक शेजारी शेजारी उभे होते. परंतु त्यांच्यातील दुवा अर्पानेट या जाळ्यातूनच होता. त्यापूर्वी एकाच संगणकावर काम करणाऱ्या दोन व्यक्ती एकमेकांसाठी निरोप ठेवू शकत. टॉमलिन्सन यांनी निरोप ठेवणारा कार्यक्रम आणि फाइल दुसऱ्या यंत्रावर पाठविणारा कार्यक्रम यांची सांगड घातली. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे दाखविण्यासाठी त्यांनी @ हे चिन्ह निवडले, कारण ते कोणाच्याही नावात येत नसे. हिशेबाच्या कागदावर भाव लिहिण्यासाठी वापरले जाणारे हे व्यापारी चिन्ह अशा रीतीने पत्त्याच्या मध्यभागी जाऊन बसले.

त्या काळची टपालपेटी म्हणजे संगणकातील एक साधी फाइल असे. तिच्यात नवा मजकूर केवळ शेवटी जोडता येई. दुकानातील रोजमेळाची कल्पना डोळ्यांपुढे आणल्यास हे चटकन समजते. रोजमेळात नवी नोंद सदैव खाली लिहिली जाते. मधल्या पानावर कोणी खाडाखोड करीत नाही. ई-मेलच्या पेटीचा हा रोजमेळी स्वभाव पुढे अनेक दशके टिकला, आणि तिच्या टिकाऊपणाचे रहस्यही त्यातच आहे.

एक ओळ, एक आज्ञा

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स या प्रणालीत १९७१ पासूनच 'मेल' नावाची आज्ञा होती. ही प्रणाली पुढे पीडीपी-११ या संगणकावर जगभरच्या विद्यापीठांत पसरली. १९७८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कर्ट शोएन्स यांनी 'मेल' या कार्यक्रमाचे अधिक सोयीचे रूप तयार केले. त्याच धाटणीचे कार्यक्रम आजही युनिक्स घराण्यातील अनेक प्रणालींवर मिळतात.

त्याची रीत अशी. पडद्यावर 'मेल' एवढा शब्द टंकित केला की आलेल्या पत्रांची यादी उमटते. प्रत्येक ओळीत पत्राचा क्रमांक, पाठविणाऱ्याचे नाव, दिनांक, पत्राची लांबी आणि विषय असतो. तीन हा आकडा दाबला की तिसरे पत्र पडद्यावर येते. डी म्हणजे पत्र काढून टाका, आर म्हणजे उत्तर द्या, एस म्हणजे अमुक फाइलमध्ये जपून ठेवा. बाहेर पडण्याचे मात्र दोन दरवाजे आहेत. क्यू दाबल्यास केलेले सर्व फेरबदल पक्के होतात आणि वाचलेली पत्रे घरच्या पेटीत हलविली जातात. एक्स दाबल्यास काहीही न बदलता बाहेर पडता येते. चुकून काढलेले पत्रही मग जागच्या जागी राहते. हिशेब पक्का करण्यापूर्वी पुन्हा पाहण्याची ही सोय ज्याने योजिली त्याला माणसाच्या घाईची पूर्ण जाण होती असे म्हणावे लागेल.

पत्र लिहिण्याची रीतही तितकीच साधी. 'मेल' या शब्दापुढे पत्ता लिहावयाचा, विषय द्यावयाचा आणि एकामागून एक ओळी लिहीत जावयाचे. शेवटी एका स्वतंत्र ओळीवर केवळ एक टिंब दिले की पत्र रवाना होते. एंटर दाबून मागे टाकलेली ओळ सहज सुधारता येत नसे. त्यासाठी लाटेसारख्या '~' या चिन्हाने सुरू होणारी आज्ञा देऊन वेगळा संपादन कार्यक्रम उघडावा लागे. पत्र अर्धवट सोडल्यास त्याचा मजकूर 'डेड लेटर' नावाच्या फाइलमध्ये जाई. पत्ता न सापडलेल्या पत्रांसाठी टपाल खात्यात पूर्वी 'डेड लेटर ऑफिस' असे. तेच नाव संगणकाने उचलले.

पुढे १९८६ मध्ये डेव्ह टेलर यांनी 'एल्म' हा कार्यक्रम लिहिला, आणि सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ पासून 'पाइन' घडू लागला. ही दोन्ही झाडांची नावे. पाइनमध्ये पडद्याच्या तळाशी कोणती कळ काय करते याची सूची सतत दिसे; त्यामुळे नवख्या माणसालाही आज्ञा पाठ करावी लागत नसे. भारतातील अनेकांना ई-मेलचा पहिला परिचय पुढे याच पाइनने करून दिला.

जुहू ते पवई

संगणकांचे जाळे सर्वत्र नसताना पत्र एका गावाहून दुसऱ्या गावी कसे जाई, हे समजण्यासाठी रेल्वे मेल सर्व्हिसचे उदाहरण पुरेसे आहे. पेटीत टाकलेले पत्र गाडी येईपर्यंत थांबते, गाडीच्या डब्यात त्याची वर्गवारी होते, जंक्शनवर ते दुसऱ्या गाडीत चढते. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी १९७६ मध्ये लिहिलेला 'यूयूसीपी' हा कार्यक्रम याच तत्त्वावर चाले. एक संगणक ठरलेल्या वेळी दुसऱ्याला दूरध्वनी करी, साठलेली पत्रे देई, त्याच्याकडची घेई आणि दूरध्वनी ठेवून देई. पत्त्यात मार्गातील प्रत्येक यंत्राचे नाव लिहावे लागे आणि दोन नावांच्या मध्ये उद्गारचिन्ह असे. मुंबईहून आमगावास पत्र धाडावयाचे आणि वाटेत नागपूर व गोंदिया येथे यंत्रे आहेत असे समजल्यास पत्ता 'नागपूर!गोंदिया!आमगाव!' आणि त्यापुढे व्यक्तीचे नाव, असा झाला असता. मार्ग ठाऊक असणे ही पाठविणाऱ्याची जबाबदारी होती.

भारतात या कार्याचा प्रारंभ महाराष्ट्राच्या भूमीवर झाला, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट होय. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजेच एनसीएसटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ घटक होते. एनसीएसटीची वास्तू जुहूला, आयआयटी पवईला. १९८६-८७ च्या सुमारास या दोन संस्थांमध्ये साध्या दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. मुंबईच्या एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात गेलेली ती पत्रे म्हणजे देशातील शैक्षणिक जाळ्याची पायाभरणी ठरली. एनसीएसटीचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमाणी यांचा या कार्याबद्दल २०१४ मध्ये 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश करून गौरव करण्यात आला.

त्यानंतर मुंबईचे हे केंद्र परदेशी जाळ्यांशी जोडले गेले. १९८९ मध्ये भारतासाठी '.इन' हे पत्त्याचे शेपूट नोंदविले गेले आणि त्याची व्यवस्था बरीच वर्षे एनसीएसटीकडे राहिली. पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र केंद्राच्या आणि पुणे विद्यापीठाच्या ई-मेल पत्त्यांत 'अर्नेट' हा शब्द पुढे अनेक वर्षे होता. ज्या रुळांवरून ही गाडी धावू लागली त्यांची ती खूण होती.

वेगाची कल्पना यावी म्हणून थोडे गणित करू. सेकंदाला १,२०० बिट वेगाचा मोडेम सेकंदात साधारण १२० रोमन अक्षरे वाहून नेतो. दोन हजार अक्षरांचे एक पानभर पत्र त्यावरून सुमारे १७ सेकंदांत जाईल. आजच्या मोबाइलवर काढलेले दोन मेगाबाइटचे एक छायाचित्र ई-मेलला जोडल्यास वाटेत त्याचे आकारमान एक तृतीयांशाने वाढते, आणि तेच छायाचित्र त्या मोडेमवरून जाण्यास सहा तासांहून अधिक काळ लागेल. शब्दांचे पत्र आणि चित्रांचे पत्र यांतील वजनाचा हा फरक आहे. त्या काळच्या लोकांना मोजके लिहिण्याची सवय होती, तिचे कारण संस्कारात होते तितकेच तारेच्या अरुंदपणातही होते.

केवळ अक्षरांचे खाते

सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची दारे उघडली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम म्हणजेच व्हीएसएनएलच्या सेवेमुळे. प्रारंभी ही सेवा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत मिळू लागली. या सेवेत 'शेल खाते' नावाचा एक स्वस्त प्रकार होता. त्यात चित्रे दिसत नसत. घरच्या संगणकावरून मोडेमने दूरध्वनी लावावयाचा, मोडेमचा तो परिचित कर्कश आवाज ऐकावयाचा आणि मग काळ्या पडद्यावर नाव व गुप्त शब्द टंकित करावयाचा. समोर युनिक्स उभे राही. ई-मेलसाठी पाइन आणि वाचनासाठी 'लिंक्स' हा अक्षरी कार्यक्रम, एवढीच सामग्री.

खाते तासांवर मोजले जाई. दूरध्वनीचे देयक निराळे; आणि ज्या गावी केंद्र नव्हते तेथून एसटीडीचा दर पडे. तेव्हाचे आमगाव भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. अशा ठिकाणाहून एक-एक मिनिट मोलाचे होते. म्हणून जाणते लोक पत्र आधी आपल्या संगणकावर लिहून ठेवीत, मग दूरध्वनी लावीत, पत्रे झटपट पाठवून नवी उतरवून घेत आणि दूरध्वनी ठेवून शांतपणे वाचीत बसत. उतरवून घेतलेली पत्रे स्वतःच्या संगणकात राहत. या एका सवयीचे महत्त्व पुढे लक्षात येईल.

पुढे १९९६ मध्ये हॉटमेल आले आणि फुकट, चित्रमय ई-मेलचे युग सुरू झाले. सोय वाढली, यात शंका नाही. सायबर कॅफेत बसून कोणीही कोठूनही पत्र पाहू लागला. मात्र पत्राचे घर बदलले. पूर्वी ते वाचणाऱ्याच्या फाइलमध्ये असे. आता ते परक्या कंपनीच्या कोठारात राहू लागले आणि त्या कोठाराची किल्ली म्हणजे एक गुप्त शब्द एवढेच वाचकाच्या हाती उरले.

मराठी अक्षरांचा प्रश्न

जुन्या ई-मेलची अक्षरे म्हणजे रोमन अक्षरे. 'आस्की' या संकेतपद्धतीत एकूण १२८ जागा. त्यांत इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चिन्हे बसविल्यावर देवनागरीला स्थान उरत नव्हते. म्हणून परदेशी गेलेली मुले घरी रोमन लिपीत मराठी लिहीत. 'माल', 'माळ', 'मल' आणि 'मळ' हे चारही शब्द त्यात एकाच तीन अक्षरांनी लिहिले जात. नेमका अर्थ संदर्भावरून ओळखावा लागे. अविनाश चोपडे यांनी १९९१ च्या सुमारास तयार केलेल्या 'आयट्रान्स' पद्धतीने लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांचा उपयोग करून 'ल' आणि 'ळ', 'त' आणि 'ट' यांतील भेद राखला, आणि त्या साध्या मजकुरापासून नेटकी देवनागरी छापण्याची सोय केली.

याच सुमारास भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानक आले. तथापि व्यवहारात बहुतेक छपाई निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी फाँटमध्ये होत राहिली. तो फाँट समोरच्याकडे नसला की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटत. त्या काळात संगणकावर जुळविलेल्या कित्येक स्मरणिका आणि अहवाल यांच्या फाइली आज उघडल्या तरी वाचता येत नाहीत. छापील प्रत हीच त्यांची खरी प्रत उरली आहे.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये प्रकाशित झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही रीत योजिली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्याच वर्षी नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या 'माइम' या नियमांमुळे कोणतीही सामग्री ६४ सुरक्षित रोमन अक्षर-चिन्हांत बांधून पाठविता येऊ लागली. 'आमगाव' या शब्दात आ, म, ग, काना आणि व अशी पाच चिन्हे आहेत. त्यांचे पंधरा बाइट होतात आणि माइमच्या पुडीत बांधल्यावर वीस रोमन अक्षरे. जुन्या पीडीपी-११ च्या पडद्यावर ही वीस अक्षरे अर्थहीन दिसतील. परंतु ते यंत्र त्यांना धक्का न लावता पुढे पोहोचवील आणि नव्या यंत्रावर 'आमगाव' पुन्हा अक्षरशः उमटेल. ज्या लिपीची त्या यंत्राला ओळखही नाही, तिचे पत्र ते प्रामाणिकपणे वाहून नेते. निरक्षर हमालाने पोहोचविलेल्या पार्सलावरचा पत्ता जसा अबाधित राहतो, तसाच हा प्रकार आहे.

जुना संगणक आज कसा बोलतो

आता दुसरा प्रश्न असा की, असा जुना संगणक आजच्या टपालाशी जोडता येतो काय? येतो, परंतु मध्ये दुभाषी असावा लागतो.

प्रत्यक्ष जुने यंत्र मिळणे कठीण असले तरी त्याची हुबेहूब नक्कल करणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत. बॉब सुपनिक यांच्या पुढाकाराने विकसित झालेला 'सिमएच' हा त्यांपैकी प्रमुख. कॅल्डेरा या कंपनीने जानेवारी २००२ मध्ये जुन्या युनिक्सच्या आवृत्त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यामुळे त्यांचा अभ्यास करण्यात कायद्याची आडकाठी राहिली नाही. पीडीपी-११ वर चालणारी '२.११ बीएसडी' ही १९९१ ची आवृत्ती आजही अभ्यासक चालवितात. तिच्यात 'मेल' ही आज्ञा आहे आणि पत्रे इतर यंत्रांकडे पोहोचविणारा 'सेंडमेल' कार्यक्रमही आहे.

अडचण येते ती कुलुपाची. आज कोणताही मोठा टपाल-सेवक उघड्या तारेवर गुप्त शब्द स्वीकारीत नाही. सर्व बोलणे कूटबद्ध असावे लागते. हे कूट सोडविण्याचे गणित जुन्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. पीडीपी-११ वर एका कार्यक्रमाला सूचनांसाठी ६४ आणि माहितीसाठी ६४ किलोबाइट एवढीच जागा एका वेळी मिळते. एखाद्या जाहिरातीच्या ई-मेलची नुसती सजावटही त्यापेक्षा मोठी असू शकते. शिवाय मे २०२२ पासून गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी केवळ नाव आणि नेहमीचा गुप्त शब्द देऊन जुन्या कार्यक्रमांनी आत येण्याची वाट बंद केली.

म्हणून मध्ये एक लहान, नवा संगणक ठेवतात. तळहातावर मावणारा 'रास्पबेरी पाय' यासाठी पुरतो. तो इंटरनेटवरून कूटबद्ध रीतीने पत्रे उतरवून घेतो. त्यांची सजावट, चित्रे आणि जाहिराती बाजूला काढतो. निव्वळ मजकूर उरवितो. आणि घरातल्या घरात साध्या तारेने तो जुन्या यंत्राच्या स्वाधीन करतो. उत्तर उलट्या मार्गाने जाते. जुन्या यंत्रावर बसलेला मनुष्य 'मेल' हा शब्द टंकित करतो आणि आज सकाळी आलेले पत्र १९७८ च्या रीतीने वाचतो.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. जुना संगणक थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक कार्यक्रम अमेरिकेतील असंख्य यंत्रांत शिरला आणि त्यांची गती कुंठित झाली. त्याने शोधलेल्या वाटांपैकी एक वाट सेंडमेलमधलीच होती. त्या काळचे कार्यक्रम परस्परविश्वासावर उभे होते. दाराला कडी लावण्याची गरज त्यांच्या कर्त्यांना तोवर भासली नव्हती. दुसरी गोष्ट कालगणनेची. जुन्या युनिक्सचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजते. १९ जानेवारी २०३८ रोजी तो आकडा भरतो. ज्यांना ही यंत्रे त्यापुढेही चालवावयाची आहेत त्यांना त्याची तजवीज करावी लागेल.

संस्थेने यातून काय घ्यावे

जुने यंत्र चालविणे हा काहींचा छंद आहे, आणि प्रत्येकाने तो करावा असा आग्रह येथे नाही. परंतु त्या छंदातून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची टपालपेटीची फाइल हाती आली, तर ती आजच्या कोणत्याही संगणकावर, कोणत्याही साध्या लेखन-कार्यक्रमाने उघडता येते. वर पाठविणाऱ्याचे नाव, खाली दिनांक, त्याखाली विषय आणि मग मजकूर. पुढचे पत्र कोठे सुरू होते हे सांगणारी एक ठराविक ओळ. तिला कुलूप नाही, खासगी फाँट नाही, विकत घ्यावा लागणारा कार्यक्रम नाही. या तुलनेत पुष्कळ नंतरची पत्रे नष्ट झाली आहेत. याहू ग्रुप्सवर अनेक संस्थांचा आणि मंडळांचा पत्रव्यवहार साठलेला होता. ती सेवा डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली आणि तत्पूर्वीच तेथील जुना संग्रह काढून टाकण्यात आला. डिसेंबर २०२३ पासून गुगलनेही दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण अमलात आणले. एखाद्या संस्थेचे सचिव बदलले, जुने खाते त्यांच्या वैयक्तिक नावाचे होते आणि गुप्त शब्द कोणाला ठाऊक नाही, अशी स्थिती आली तर त्या खात्यातील देणग्यांची, करारांची आणि निर्णयांची पत्रे संस्थेला दुरावतात. वाद उद्भवल्यावर पुरावा म्हणून नेमके तेच पत्र हवे असते.

म्हणून काही साधे नियम संस्थांनी स्वीकारावेत. संस्थेचा ई-मेल पत्ता संस्थेच्या नावाचा असावा आणि त्याची किल्ली किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावी. वर्षाअखेरीस हिशेब मिटविताना त्या वर्षीची पत्रे उतरवून घ्यावीत आणि साध्या मजकुराच्या रूपात, युनिकोड मराठीत जतन करावीत. त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागी ठेवाव्यात. ठराव, परवानग्या आणि देणग्या यांसंबंधीची पत्रे कागदावर छापून फायलीत लावावीत. आणि काही वर्षांनी, माध्यम जुने होण्यापूर्वी, सर्व सामग्री नव्या माध्यमावर उतरवून घ्यावी.

यातील शेवटचा नियम आपल्या समाजाला नवा नाही. विदर्भातीलच कारंजा येथील ग्रंथभांडारे याची साक्ष देतात. एका पिढीने केलेली प्रत जीर्ण होण्यापूर्वी दुसऱ्या पिढीने नवी प्रत केली, म्हणूनच पुष्पदंताचा 'णायकुमारचरिउ' हा अपभ्रंश ग्रंथ विसाव्या शतकापर्यंत पोहोचला आणि डॉ. हिरालाल जैन यांना तो १९३३ मध्ये संपादून प्रकाशित करता आला. मूळ लेखकाच्या हातचे पान राहिले नाही; अक्षरे राहिली. लेखनिकांनी ग्रंथ सजविण्यापेक्षा तो शुद्ध उतरविण्याकडे लक्ष दिले, हे त्यांचे उपकार होत.

आमगावपासून जवळच असलेले पदमपूर म्हणजेच भवभूतीच्या पूर्वजांचे पद्मपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. 'मालतीमाधव' या आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत भवभूतीने आपल्याशी समान वृत्तीचा वाचक कधी ना कधी जन्मास येईल असा विश्वास प्रकट केला आहे. तो विश्वास सार्थ ठरला, कारण त्याची अक्षरे त्या वाचकापर्यंत वाचनीय स्थितीत पोहोचली. आज एखाद्या विश्वस्ताने संगणकावर लिहिलेले पत्र पन्नास वर्षांनंतर, शताब्दी महोत्सवाच्या वेळी, कोणीतरी उघडून पाहील. त्याला त्यात काळ्या पडद्यावरील साध्या ओळी दिसल्या तरी चालेल. त्या वाचता आल्या पाहिजेत. त्यासाठी लागणारे काम फार खर्चाचे नाही, मात्र ते या वर्षीच सुरू झाले पाहिजे, कारण हरवलेले पत्र पुन्हा लिहिता येत नाही.